एका चित्राने सावरलेले घर

खोली साधीच आहे. फारसे सामानसुमान नाही. खुर्चीवर विधवेच्या वेशातील एक प्रौढ बाई बसली आहे. तिच्या दोन तरुण मुली तिला अगदी बिलगून आहेत. मागे घरातली म्हातारी मोलकरीण उभी आहे. समोर एक तरुण हातात कागद धरून काहीतरी वाचून दाखवत आहे आणि त्याच्या खुर्चीमागून दुसरा तरुण वाकून त्याच कागदात डोकावत आहे. कोणी रडत नाही, कोणी हात उंचावून आक्रोश करत नाही. सगळे ऐकत आहेत. चित्र पाहणाऱ्याला वाटावे, दूरगावच्या नातलगाचे पत्र आले असेल आणि जेवणे आटोपल्यावर घरातली माणसे ते ऐकायला बसली असतील.

पण ही खोली घरातली नाही, तुरुंगातली आहे. वाचले जात आहे ते पत्र नसून वकिलाचे निवेदन आहे. आणि या घरात आणखी एक माणूस असायला हवा होता, घरचा कर्ता पुरुष. तो चित्रात नाही, कारण तीन वर्षांपूर्वी सरकारी हुकमाने भर चौकात त्याला ठार मारण्यात आले होते. स्वतःच्या मुलाचा खून केल्याच्या आरोपावरून.

हे चित्र १७६५ साली पॅरिसमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापले गेले. त्याचे नाव ‘दुर्दैवी कालास कुटुंब’.

रात्रीच्या जेवणानंतर

दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरात फिलातिए नावाच्या रस्त्यावर झाँ कालास याचे कापडाचे दुकान होते. खाली दुकान, वर बिऱ्हाड. त्या काळी फ्रेंच लोक छापील सुती कापडाला ‘आंदिएन’, म्हणजे ‘हिंदुस्थानी’ म्हणत. हिंदुस्थानातील चिटांनी तिकडच्या बायकांना असे काही वेड लावले होते की स्वदेशी विणकरांना वाचवण्यासाठी सरकारने १६८६ पासून १७५९ पर्यंत या कापडावर बंदी घातली होती. कालासच्या धंद्यात हे कापडही होते. बायको आन-रोझ, चार मुलगे, दोन मुली आणि मुलांना लहानाचे मोठे करणारी मोलकरीण झान व्हिगिएर, असा त्याचा संसार.

कुटुंब प्रोटेस्टंट होते आणि तिथेच सारी अडचण होती. १६८५ पासून फ्रान्समध्ये प्रोटेस्टंट पंथाला कायद्याने जागाच उरली नव्हती. त्यांची लग्ने कायदेशीर ठरायची तर कॅथलिक धर्मगुरूकडून लागायला हवीत, मुलांचा बाप्तिस्माही त्याच्याच हातून व्हायला हवा. वकिली, सरकारी हुद्दे, सगळी दारे बंद. थोरला मुलगा मार्क-आंत्वान कायदा शिकला होता, पण ‘हा कॅथलिक आहे’ असा दाखला मिळेना, म्हणून वकील होता येईना. अठ्ठाविशी गाठलेला हा मुलगा बापाच्या दुकानात बसे आणि मनातून कुढत राही. धाकट्यांपैकी लुई हा कॅथलिक झाला होता. त्याचे मन त्या बाजूला वळवण्यात मोलकरीण झानचाच हात होता, कारण ती स्वतः निष्ठावान कॅथलिक होती. तरीही कालासने तिला कामावरून काढले नाही आणि घर सोडून गेलेल्या मुलाच्या खर्चाची सोयही केली. पुढे घडले ते पाहता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

साल १७६१. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याकडे पानिपत झाले होते. १३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी कालासकडे गोबेर लाव्हेस नावाचा तरुण पाहुणा जेवायला होता. मुली गावाबाहेर गेल्या होत्या. जेवण झाल्यावर मार्क-आंत्वान उठून खाली गेला. बाकीची मंडळी गप्पा मारत बसली. रात्री पाहुणा निघाला, तेव्हा त्याला दिवा दाखवायला धाकटा भाऊ पिएर जिन्याने उतरला आणि त्याची किंकाळी ऐकू आली. दुकानात मार्क-आंत्वान मरून पडलेला होता. आरडाओरडा ऐकून रस्त्यावर गर्दी जमली.

आता इथे त्या कुटुंबाने एक खोटे सांगितले. मुलाचे प्रेत जमिनीवर सापडले, कोणीतरी त्याला मारले असावे, असे ते पहिल्यांदा म्हणाले. मागाहून कबूल केले की त्याने गळफास घेतला होता. हे खोटे का? तर त्या काळच्या फ्रान्समध्ये आत्महत्या हा गुन्हा होता आणि त्याची शिक्षा प्रेताला मिळे. प्रेत फरफटत गावभर फिरवत. पोटचा गोळा तर गेलाच, निदान त्याची विटंबना तरी होऊ नये, म्हणून आईबापांनी सत्य झाकले. कोणत्याही घरातले आईबाप कदाचित हेच करतील. पण त्या एका खोट्याने सगळ्यांचा घात केला.

गर्दीतून कोणीतरी ओरडले, की मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून घरच्यांनीच त्याला मारले. ओरडणारा कोण हे कधीच कळले नाही. पण शहराचा अधिकारी दाविद द बोद्रिग याने तेच खरे धरले आणि त्याच रात्री कालास, त्याची बायको, पिएर, पाहुणा लाव्हेस आणि मोलकरीण झान अशा पाचही जणांना पकडून नेले. मार्क-आंत्वानने धर्म बदलण्याचे ठरवले होते, याचा पुरावा कधी सापडला नाही. तरीही मोठ्या थाटामाटाने, कॅथलिक विधींनी, हुतात्म्यासारखे त्याचे दफन झाले. जो मुलगा हुतात्मा, त्याचे आईबाप खुनी असणारच, ही त्या गर्दीची समजूत.

९ मार्च १७६२ रोजी तुलूझच्या ‘पार्लमाँ’ने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने, तेरापैकी आठ न्यायाधीशांच्या मताने झाँ कालासला मृत्युदंड दिला. दुसऱ्याच दिवशी त्याचा छळ करून साथीदारांची नावे विचारण्यात आली. तो म्हणाला, गुन्हाच घडला नाही तर साथीदार कुठून येणार? मग चाकावर बांधून त्याची हाडे मोडण्यात आली, दोन तासांनी गळा आवळण्यात आला आणि देह जाळण्यात आला. चौसष्टाव्या वर्षात असलेला हा म्हातारा शेवटच्या श्वासापर्यंत ‘मी निरपराध आहे’ हेच सांगत राहिला.

म्हाताऱ्याने कबुली दिली नाही, यामुळे न्यायाधीश अडचणीत आले. त्यांनी पिएरला हद्दपारीची शिक्षा दिली, पण त्याला एका मठात अडकवून ठेवले. आई, पाहुणा आणि मोलकरीण यांना सोडून दिले. दोन्ही मुलींना आईपासून तोडून निरनिराळ्या मठांत ठेवण्यात आले. पाच महिन्यांपूर्वी एका टेबलाभोवती जेवलेल्या घराची अशी दाणादाण झाली.

म्हाताऱ्या लेखकाचा हट्ट

ही हकीकत स्वित्झर्लंडच्या सीमेवर फेर्ने इथे राहणाऱ्या व्हॉल्टेअरच्या कानावर आली. तो तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता आणि सबंध युरोपात त्याचे नाव गाजत होते. सुरुवातीला त्यालाही खरे-खोटे ठरवता येईना. एक तर बापाने मुलाला मारले, नाहीतर न्यायाधीशांनी निरपराध माणसाला मारले. दोन्ही गोष्टी सारख्याच भयंकर. कालासचा धाकटा मुलगा दोना जिनिव्हाला पळून आला होता. व्हॉल्टेअरने त्याला बोलावून घेतले, त्याच्याशी बोलला, इतरांकडून माहिती काढली, आणि मग त्याची खात्री पटली.

त्याचा मुद्दा अगदी घरगुती शहाणपणाचा होता. त्या संध्याकाळी पाचही माणसे एकत्र होती. साठी उलटलेला म्हातारा एकटा अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट मुलाला फासावर लटकवू शकत नाही. म्हणजे खून झाला असेल तर पाचांनी मिळून केला असला पाहिजे. मग त्यांत ती कॅथलिक मोलकरीणही आली, जिने आपल्या हाताने वाढवलेल्या एका मुलाला स्वतःच्या पंथाकडे वळवले होते! आपल्या पंथात येऊ पाहणाऱ्या दुसऱ्या मुलाला मारायला ती मदत करील? आणि बाकीचे दोषी नाहीत म्हणून सोडले, तर म्हातारा तरी दोषी कसा?

व्हॉल्टेअरने पत्रांमागून पत्रे लिहिली, पत्रके छापली, १७६३ साली सहिष्णुतेवर एक ग्रंथ लिहिला. विधवेला पॅरिसला पाठवण्याची व्यवस्था झाली. तिथे एली द बोमाँ आणि आणखी दोन नामवंत वकिलांनी तिची बाजू मांडली. मुलींचीही मठांतून सुटका झाली. त्यांतल्या नानेतच्या बाबतीत एक सुंदर गोष्ट घडली. तिच्यावर लक्ष ठेवायला नेमलेली कॅथलिक जोगीण आन-ज्युली फ्रेस हिलाच मुलीच्या सहवासात त्या घराचे निरपराधीपण पटले आणि ती त्यांच्या बाजूने पत्रे लिहू लागली.

४ जून १७६४ रोजी राजाच्या मंडळाने तुलूझचा निकाल रद्द केला आणि नव्याने सुनावणीचा हुकूम दिला. पण कायद्याचा एक विचित्र नियम होता. निर्दोष ठरायचे असेल तर आरोपींनी आधी आपण होऊन तुरुंगात हजर झाले पाहिजे. म्हणून सुटलेली ही माणसे निकालाच्या आधी पॅरिसच्या कॉन्सिएर्झरी तुरुंगात पुन्हा आत गेली. मुली आरोपी नव्हत्या, त्या आईच्या सोबतीला आल्या होत्या. चित्रातला प्रसंग आहे तो या दिवसांतला. लाव्हेसच्या हातातले कागद म्हणजे बोमाँ वकिलाचे निवेदन.

९ मार्च १७६५ रोजी, म्हणजे शिक्षा सुनावल्याला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, चाळीस न्यायाधीशांनी एकमताने झाँ कालास आणि बाकी सर्वांना निर्दोष ठरवले.

तांब्याचा पत्रा आणि तेजाब

निर्दोष तर ठरले, पण खायचे काय? दुकान बुडालेले, पैसा खटल्यात गेलेला. राजाने कुटुंबाला एकूण ३६,००० लिव्र दिले, त्यांतले १२,००० विधवेला आणि ३,००० झान मोलकरणीला. पण तीन वर्षांचे कर्ज आणि उरलेले आयुष्य यांना ते किती पुरणार? तेव्हा पॅरिसमधील ग्रिम नावाच्या लेखकाने एक युक्ती काढली. त्याचे नियतकालिक हाताने लिहून युरोपातल्या राजेरजवाड्यांना पाठवले जाई. त्याने सुचवले की या कुटुंबाचे चित्र छापावे, ते वर्गणीने विकावे आणि आलेला पैसा विधवेला द्यावा.

चित्र काढण्याचे काम कार्मोंतेल याने केले. हा ऑर्लेआँच्या सरदाराच्या पदरी होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची एका बाजूने दिसणारी चित्रे झटपट काढण्यात त्याचा हातखंडा होता. संगीतकार मोझार्ट लहानपणी वडील आणि बहिणीसह पॅरिसला आला, तेव्हा तिघांचे चित्र यानेच काढले होते. ते पत्र्यावर कोरणारा दलाफोस, तोच कालास कुटुंबाच्या चित्राचाही कोरणारा.

अशी चित्रे छापण्याची रीत मोठी चिकाटीची असे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ लेप द्यायचा, तो धुराने काळा करायचा आणि टोकदार सुईने त्यावर चित्र काढायचे. जिथे सुई फिरते तिथे तांबे उघडे पडते. मग त्यावर तेजाब ओतले की उघडे तांबे तेवढे खाल्ले जाऊन बारीक चर पडतात. तेजाब जास्त वेळ ठेवले की रेघ खोल, म्हणून छपाईत जास्त काळी. लेप पुसून, गरज असेल तिथे पोलादी छिन्नीने रेघा आणखी कोरून, चरांत शाई भरायची आणि ओलसर कागद वर ठेवून दोन जड रुळांमधून पत्रा काढायचा. चित्र कागदावर उलटे उमटते, हे ध्यानात ठेवूनच कोरावे लागते. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघत. छायाचित्रे नव्हती त्या काळात एखादा चेहरा गावोगावी पोहोचायचा तो याच वाटेने.

घरगुती प्रसंगांच्या चित्रांची तेव्हा पॅरिसमध्ये लाटच होती. ग्रझ नावाच्या चित्रकाराचे ‘खेड्यातली नवरी’ हे चित्र १७६१ च्या प्रदर्शनात सप्टेंबरच्या अखेरीस लागले होते. म्हातारा बाप जावयाच्या हातात हुंड्याची थैली देऊन त्याला चार शब्द सांगतो आहे, आई लेकीचा हात सोडत नाही, असा तो प्रसंग. लोकांनी त्याच्यापुढे गर्दी केली. तुलूझला कालासच्या घरात रात्रीचा दिवा विझला तो त्यानंतर काही आठवड्यांतच. ग्रझची माणसे मनाने रचलेली होती, त्यांचे अश्रू चित्रकाराने ठरवलेले. कार्मोंतेलची माणसे खरी होती, नावानिशी होती, आणि चित्रकला म्हणून पाहिले तर ग्रझच्या मानाने ती थोडी ताठरच आहेत. प्रत्येक जण जणू आपला चेहरा नीट दिसावा म्हणून बसला आहे. पण या चित्राचे कामच ते होते. ज्यांना लोकांनी चार वर्षे राक्षस म्हणून कल्पिले, त्यांचे तोंड लोकांना दाखवायचे होते.

चित्राखाली रोमन कवी ल्यूक्रेशियसची एक ओळ आहे आणि मग नावे: आई, दोन मुली, त्यांची ‘चांगली मोलकरीण’ झान व्हिगिएर, मुलगा आणि त्याचा मित्र तरुण लाव्हेस. कुटुंबाच्या चित्रात मोलकरीण, आणि तीही नावासकट! मोठ्या घरांच्या चित्रांत नोकर दिसत, पण त्यांचे नाव कोण लिहितो? इथे आईमुलींनंतर लगेच तिचे नाव येते. पंथ वेगळा असूनही सगळ्यांसारखीच तीही दोनदा तुरुंगात गेली होती. धन्याविरुद्ध बोलली असती तर कदाचित पहिल्या रात्रीच सुटली असती.

वर्गणीची यादी

वर्गणी सुरळीत गोळा झाली असे नाही. तुलूझच्या न्यायालयाचा हा अपमान आहे, अशी ओरड झाली आणि अधिकाऱ्यांनी विक्री काही काळ थांबवली. तुलूझच्या न्यायाधीशांनी तर आपला निकाल चुकला हे कधीच मान्य केले नाही. तरीही वर्गणीदार मिळत गेले. फेर्नेमध्ये व्हॉल्टेअरने आपल्या पलंगाच्या उशाशी हे चित्र टांगले. गंमत अशी, की इतकी वर्षे ज्यांच्यासाठी तो झगडत होता, त्या विधवेला आणि तिच्या मुलींना घराच्या भिंतीवर पाहण्याची सोय त्याला या कागदानेच करून दिली.

एक प्रत बर्लिनला गेली. तिथल्या खोदोविएत्स्की या चित्रकाराने आधी तिच्यावरून रंगीत चित्र केले. मग त्याला जोड म्हणून ‘कालास कुटुंबाचा निरोप घेतो’ हा प्रसंग स्वतःच्या कल्पनेने रंगवला आणि १७६७ साली तो तांब्यावर कोरला. शिक्षेला नेण्यापूर्वी म्हातारा बायकामुलांना भेटतो आहे, सगळे त्याला मिठ्या मारत आहेत, असे ते चित्र. प्रत्यक्षात घरच्यांना दूर ठेवलेले असताना अशी भेट कुठून होणार? पण लोकांना ती व्हायला हवी होती. त्या चित्राने खोदोविएत्स्कीचे नाव जर्मनीभर झाले. आज दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर रडवणारे चित्र बर्लिनचेच आहे. पॅरिसच्या चित्रात म्हातारा नाहीच, आणि जी आहेत त्यांना रडून झाले आहे. मन अडकते ते याच्यात.

त्यानंतर

विधवा आपल्या मुलींसह पॅरिसमध्येच राहिली. तुलूझला परत जाण्यासारखे काही उरले नव्हते. १७६७ साली नानेतचे लग्न पॅरिसमधील डच वकिलातीचा धर्मगुरू दुव्हवाझाँ याच्याशी झाले. फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांना स्वतःच्या नावाने लग्न, जन्म आणि मृत्यू नोंदवण्याचा हक्क मिळायला १७८७ साल उजाडावे लागले. आई ते पाहायला जिवंत होती. १७९२ साली, ऐंशी ओलांडल्यावर, ती वारली.

लग्नाच्याच वर्षी, १७६७ मध्ये, या घरावर आणखी एक घाला येऊ पाहत होता. तुलूझकडे आवई उठली की झान व्हिगिएर मेली, आणि मरताना तिने कबूल केले की मार्क-आंत्वानला घरच्यांनीच मारले. मेलेल्या मोलकरणीच्या तोंडी घातलेले हे शब्द खरे ठरले असते, तर चाळीस न्यायाधीशांचा निकाल, व्हॉल्टेअरचे ग्रंथ आणि भिंतीभिंतींवर लागलेले ते चित्र, सगळ्यांवर पाणी पडले असते.

झान पॅरिसमध्ये होती आणि चांगली जिवंत होती. मार्चच्या अखेरीस तिने सरकारी अधिकाऱ्यापुढे रीतसर जबानी दिली: आपण कधी असे काही कबूल केलेले नाही, धनी आणि घरचे सगळे निरपराध होते, आणि सुरुवातीपासून आपण हेच सांगत आलो आहोत. ती जबानी लगेच छापून वाटण्यात आली.